रेघ नसलेला पाइप

मला एक सांगा, तुम्ही विश्वास कोणावर टाकता? "काही होत नाही हो" म्हणणाऱ्यावर, की "थांबा, आधी लाईट घालवून बघू" म्हणणाऱ्यावर?

घाईनं उत्तर देऊ नका. मी बावीस वर्षं चंदीगडात फिश टँक विकतोय, बसवून देतोय आणि दुसऱ्यांनी बसवलेले निस्तरतोय. मनीमाजऱ्याच्या बाजारात दुकान आहे. एवढ्या वर्षांत पहिल्या जातीच्या माणसांनी मला चहा पाजला, पाठ थोपटली आणि गुडघाभर पाण्यात उभं केलं. दुसऱ्या जातीचा एकच भेटला, आणि त्याच्याशी मी कसा वागलो ते पुढे येईलच.

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. फिल्टरच्या स्पंजात गाळ बसतो तसे ते आपोआप बसतात. वेळच्या वेळी पिळला नाही तर पाणी जायचं बंद होतं. आज पिळतोय. घाण निघेल, सांभाळून घ्या.

*

मी मूळचा कराडचा. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर इथं आले. चार वर्षांनी त्यांची बदली नागपूरला झाली. माझी झाली नाही! मी कॉलेज अर्धवट सोडून प्लास्टिकच्या पिशवीतून गोल्डफिश विकायला लागलो होतो. शिकवायला कोणी नव्हतं. जे शिकलो ते दुसऱ्यांच्या फरशीवर पाणी सांडून.

पहिलं मोठं काम एका डेंटिस्टचं. टँक वेटिंग रूममध्ये, आणि त्याचं पाणी गाळणारी दुसरी पेटी, जिला आम्ही सम्प म्हणतो, ती भिंतीपलीकडे स्टोअररूममध्ये. व्यवस्था सोपी असते. टँकमधलं वरचं पाणी एका पाइपानं आपोआप सम्पमध्ये उतरतं, तिथं गाळलं जातं आणि पंप ते दुसऱ्या पाइपानं परत टँकमध्ये ढकलतो. गोल फिरत राहतं. लाईट असेपर्यंत!

लाईट गेली की पंप थांबतो. मग ज्या पाइपानं पाणी वर चढत होतं, त्याच पाइपानं ते उलटं खाली यायला लागतं. कॅनमध्ये नळी घालून रॉकेल काढायचे ना, तसं. पाइपाचं तोंड पाण्याबाहेर पडेपर्यंत थांबत नाही. ते अडवायला मी एक व्हॉल्व्ह बसवला होता. विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "कुछ नहीं होता जी, इंपोर्टेड है."

इंपोर्टेड व्हॉल्व्हमध्ये देशी गोगलगाय अडकली.

सम्प भरून वाहिला, स्टोअररूमच्या दाराखालून पाणी वेटिंग रूममध्ये आलं आणि पेशंट खुर्च्यांवर पाय घेऊन बसले. एक बाई अर्धं तोंड बधिर असताना मला शिव्या देत होत्या, त्यामुळे निम्म्याच कळल्या.

तिथंच एक सरदारजी बेसिन बसवत होता. बलबीर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो आला, टँकमध्ये डोकावला, पाइपाचं तोंड पाण्यात किती खोल आहे ते बोटांनी मोजलं आणि म्हणाला, "भाई साब, व्हॉल्व को मारो गोली. पाइप में एक छेद कर दो, पानी के ठीक नीचे. पानी दो उंगल उतरेगा, छेद हवा खाएगा, खेल खत्म."

एक छिद्र! मी चार दुकानं फिरून व्हॉल्व्ह आणला होता, आणि उत्तर होतं ड्रिलचं एक छिद्र. त्या दिवसापासून बलबीर माझ्याबरोबर. सतरा वर्षं. तो मला 'मालको' म्हणायचा. पंजाबीत मालकाला लाडानं म्हणतात तसं.

*

बलबीरची अजून एक सवय. त्याच्या पिशवीत ड्रिल, करवत, सोल्युशनचा डबा आणि लाल नेलपॉलिश! बायकोची जुनी बाटली. पाइप जोडात ठोकून बसवला की तो पाइप आणि जोड दोन्हींवरून एक लाल रेघ ओढायचा. जोड हलला, कोणी उघडला, फिरवला, की रेघ तुटलेली दिसणार.

एकदा एका बंगल्यात मॅडमनी ती बाटली पाहिली आणि म्हणाल्या, "सरदारजी, ये शेड आपको सूट करेगा?"

बलबीर म्हणाला, "मैडम, मुझे नहीं, पाइप को करता है. शाम तक उतरता नहीं."

त्याची ही सवय लक्षात ठेवा. मी ठेवायला हवी होती.

*

आता कर्नल जगदाळे. निवृत्त, साठी गाठलेले, आमच्याच साताऱ्याकडचे. त्यांची ओळख झाली ती शैलाकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या एका फोनमुळे.

"अहो, लवकर या! पाचही गेले! आडवे पडलेत!"

मी आणि बलबीर स्कूटरवरून उडत गेलो. टँकमध्ये पाच मासे तळाला एका कुशीवर पडलेले. क्लाउन लोच. नारिंगी अंग, त्यावर तीन काळे पट्टे, मिश्या. काकू पदरानं डोळे पुसतायत. मी काचेवर टिचकी मारली. पाचही उठले, मिश्या हलवल्या आणि आमच्याकडे असे बघायला लागले की झोपमोड केल्याबद्दल आमचीच तक्रार करतील.

हा मासा झोपतोच तसा. मेल्यासारखा, आडवा. काकूंना हे ठाऊक नव्हतं, कारण आजवर माशांकडे फक्त कर्नलसाहेबच बघायचे. ते बाहेरून आले आणि गरजले, "शैला, एकोणीस वर्षं आहेत हे माझ्याबरोबर! ड्यूटीवर झोपतात, मरत नाहीत!"

एकोणीस वर्षं, मंडळी. हे मासे जोधपूर, तेजपूर, पुणे करत चंदीगडला आलेले. प्रत्येक बदलीला दूध-डेअरीच्या स्टीलच्या बरणीत, आगगाडीनं, शेजारी कर्नलसाहेब बॅटरीवरचा हवेचा पंप मांडीवर घेऊन. अंगावर तीन पट्टे म्हणून त्यांचं नाव 'हवालदार'. पाच हवालदार. मुलगा ऋषी हॉस्टेलमध्ये वाढला, मासे घरात वाढले. हे काकूंचं वाक्य, माझं नाही.

त्या दिवशी मला कळलं की या घरात टँक ही शोभेची वस्तू नाही. आणि हेही कळलं की या पाचांतला एक जरी माझ्या हातून गेला, तर कर्नलसाहेबांसमोर उभं राहायला मला जागा राहणार नाही.

*

मग त्यांनी झिरकपूरला फ्लॅट घेतला. ऋषीला आयटी पार्क बरं पडावं म्हणून. नवा टँक हॉलमध्ये, सहा फुटी. सम्प मात्र हॉलमध्ये नको. इंटिरिअर डिझायनर मॅडमना आवाज नको, ओल नको, काही दिसायलाच नको. म्हणून सम्प स्वयंपाकघराच्या पलीकडे, धुण्याच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी. वीस-बावीस फूट लांब. हरकत नाही. पाइप उतरता ठेवला की पाणी जातं.

पण उतरता पाइप मॅडमच्या टाइल्सची लाईन मोडत होता! त्यांनी आयपॅडवर चित्र काढून दाखवलं. पाइप टँकमधून निघतो, भिंतीनं वर चढतो, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवरून पलीकडे जातो आणि खाली उतरतो.

मी म्हटलं, "मॅडम, हे पाणी स्वतःहून उतरायचंय. ते वर कसं चढेल?"

"आप लोग एक्सपर्ट हैं. कुछ कीजिए. कुछ नहीं होता."

बलबीर चित्राकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "मैडम, ड्रॉइंग बहुत सुंदर है. बस पानी को पढ़नी नहीं आती."

मॅडम दोन दिवस आल्या नाहीत. त्या दोन दिवसांत पाइप उतरता बसला.

पण पुढची गोष्ट ऐका. मी बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनला सांगितलं, पंपाचा प्लग सोसायटीच्या जनरेटरच्या लाईनवर दे. तो म्हणाला, ती लाईन फक्त दिव्या-पंख्यांना, बाल्कनीत येत नाही. "दो मिनट की लाइट जाती है जी, कुछ नहीं होता." मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं नाही. तीनदा सांगून दमणारा माणूस मी! दात-ओठ खाऊन काय उपयोग आता?

*

ऋषीनं पंप ऑनलाईन मागवला. मुलगा वाईट नाही. मी मराठीत बोललो की कळतं सगळं, उत्तर हिंदीत. डब्यावर लिहिलेलं, ताशी सहा हजार लिटर. मोबाइलवर ॲप, ॲपवर पंप चालू असल्याचा हिरवा दिवा.

मी म्हटलं, "ऋषी, डबा राहू दे. बादली आण."

"अंकल, स्पेसिफिकेशन में लिखा है."

"म्हणूनच बादली आण."

आम्ही पंप सम्पमध्ये टाकला, पाइप टँकच्या उंचीला धरला आणि पडणारं पाणी बादलीत घेतलं. कर्नलसाहेब घड्याळ घेऊन उभे. सहा हजारांचे पावणेदोन हजार निघाले! उंची आणि लांबी दोघांनी मिळून बाकीचे खाल्ले.

कर्नलसाहेब म्हणाले, "भरतीच्या दिवशी सगळेच सांगतात, दहा मैल पळतो."

पंप बदलला. ॲप मात्र ऋषीनं ठेवलं. नव्या पंपाच्या प्लगला जोडून. हिरवा दिवा त्याला फार आवडायचा.

*

काम संपलं की माझी एक पद्धत आहे. घरातली सगळी माणसं टँकसमोर उभी करायची आणि मेन स्विच बंद करायचा. मग बघत राहायचं. पाणी उलटं यायला लागतं, सम्प भरत जातो, बायकांचा जीव वर-खाली होतो, आणि टँकमधलं पाणी दोन बोटं उतरलं की बलबीरचं छिद्र हवा ओढतं. सूंऽऽ! पाणी थांबतं. सम्पची पातळी जिथं थांबली तिथं रेघ. "चालू असताना सम्प अर्धा रिकामा दिसेल. दिसू दे. ती जागा परत येणाऱ्या पाण्याची आहे. भरायची नाही."

जगदाळ्यांकडे हे झालं तेव्हा काकूंनी टाळ्या वाजवल्या. कर्नलसाहेब वाकून सगळे जोड बघत होते. "बलबीर, ये लाल क्या है?" त्यानं सांगितलं. कर्नलसाहेबांनी एकूण रेघा मोजल्या. एकतीस. खिशातून पेन काढून तळहातावर लिहिलं!

मग मी वही दिली. प्रत्येक गिऱ्हाइकाला देतो, सम्पशेजारी दोरीला टांगून. पाणी किती घातलं, काय उघडलं, काय साफ केलं, कोण मेलं, सगळं लिहायचं. लोक काय लिहितात माहितीये? 'ठीक'. एका महाशयांकडे गेलो तर पानभर 'ठीक', एकाच पेनानं, एका दमात लिहिलेलं. मी तारखा बघितल्या. पुढच्या गुरुवारचंही ठीक होतं!

कर्नलसाहेब तसे नव्हते. ते रोजच्या रोज लिहायचे. एकदा काकूंची बहीण पुण्याहून आली. मे महिना, फ्रिज भरलेला. तिनं बाल्कनीत गार पाण्याची काचेची पेटी बघितली, अर्धी रिकामी, आणि त्यात कलिंगड सोडलं! पातळी रेघेच्या वर. वहीत नोंद अशी:

'१४:२० वाजता सम्पमध्ये कलिंगड आढळले. संख्या एक. बाहेर काढले. मेहुणीस समज दिली.'

मी ते पान दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. बलबीर म्हणाला, "ऐसा एक ग्राहक हो न मालको, तो सौ झूठे माफ."

*

मग ऋषीचा फोन. तो घरून काम करायला लागला होता, हॉलमध्ये बसून.

"अंकल, पानी की आवाज़ बंद करो यार. कल क्लाइंट कॉल में सब पूछ रहे थे, आर यू इन द वॉशरूम?"

मी हसलो. हसायला नको होतं, पण हसलो. म्हटलं, पाइपाचं तोंड पाण्याच्या जेमतेम खाली आहे, तिथं पाणी खळखळतं त्याचा आवाज आहे. पुढच्या आठवड्यात बलबीर सर्व्हिसिंगला येणारच आहे, तो जरा वळवून देईल. बलबीर गेला, तोंड वळवून दिलं, आवाज निम्मा झाला, नवी रेघ ओढून आला. म्हणाला, "लड़का खुश नहीं है. बोलता है, ज़ीरो चाहिए."

मी म्हटलं, "सवय होईल."

सवय होईल! कुछ नहीं होता! फरक काय या दोन वाक्यांत? सांगा ना! दुसऱ्याच्या तोंडात आलं की मला राग येतो, आणि माझ्या तोंडात आलं की ते समजूतदारपणाचं!

*

त्यानंतर दहा दिवसांनी, रविवार. कर्नलसाहेब आणि काकू चंदीगडला महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला. ऋषी मित्रांबरोबर कसौलीला. घरात स्वयंपाकाची सुनीता. अकरा वाजता लाईट गेली, ती दुपारपर्यंत आलीच नाही. झिरकपूरची लाईट, बाहेर आग ओकणारं ऊन.

पंप थांबला, पाणी उलटं निघालं, आणि दोन बोटांवर थांबलं नाही. कारण टँकमध्ये परत येणाऱ्या पाइपाचं तोंड कोणीतरी बदललं होतं. छिद्राचा तुकडा काढून तिथं नवा तुकडा, आणि त्याला लांब नळी, थेट तळापर्यंत. पाणी वर खळखळायचंच बंद. आवाज शून्य! आता सहा फुटी टँक त्या नळीवाटे उलटा रिकामा व्हायला लागला. सम्प भरला, वाहिला. आणि बाल्कनीत धुण्याचं पाणी जायला जाळी आहे, त्या जाळीतून सगळं पाणी शांतपणे निघून गेलं. हॉलमध्ये एक थेंब नाही. डेंटिस्टकडे निदान पेशंटांना पाय तरी वर घ्यावे लागले होते!

सुनीतानं टँक पाहिला होता. पाणी तळाला दोन इंच, आणि पाच मासे आडवे. ती म्हणाली, "संडे था. साहब संडे को पानी निकालते हैं. और ये तो ऐसे ही सोते हैं ना, मैडम ने ही बताया था."

काय चूक तिची? काकू एकदा घाबरल्या, आम्ही सगळे हसलो, आणि तो विनोद त्या घरात नियम होऊन बसला. आडवे दिसले तर घाबरायचं नाही!

कसौलीत ऋषीच्या ॲपवर हिरवा दिवा होता. लाईट गेली तेव्हा वायफायही गेलं, त्यामुळे ॲपनं शेवटचं जे पाहिलं होतं तेच दाखवत राहिलं.

कर्नलसाहेब अडीचला घरी आले. दोघांमध्ये जीव होता. तिघांमध्ये नव्हता.

*

मी आणि बलबीर तासाभरात पोचलो. संध्याकाळपर्यंत ऋषीही आला. तीन हवालदार ओल्या टॉवेलवर ओळीनं ठेवलेले. दोघं बादलीत, हवेच्या पंपावर. कर्नलसाहेब खुर्चीत ताठ, हातात तो नवा तुकडा, लोंबणाऱ्या नळीसकट.

"हे कोणी लावलं?"

काकू रडत होत्या. सुनीता दारात. ऋषी मोबाइलकडे बघत म्हणाला, "पापा, लास्ट सर्व्हिस तो इन्हीं लोगों ने की थी ना."

कर्नलसाहेबांनी तुकडा माझ्या हातात दिला. "तू बघ. तुमचं काम आहे?"

मी बघितला. फिरवून बघितला. पांढरा, कोरा, नवा. लाल रेघ नव्हती. सतरा वर्षांत बलबीरनं रेघेशिवाय एक जोड सोडलेला नाही. मला दुसरं काही बघायची गरज नव्हती. बलबीर माझ्याकडे बघत होता, अगदी निवांत. त्याला खात्री होती की मी आता बोलणार.

आणि मी काय म्हणालो?

"कामाच्या गडबडीत माणसाच्या हातून होतं, कर्नलसाहेब. मी जबाबदारी घेतो."

जबाबदारी घेतो! किती मोठ्या मनाचं वाक्य! बापाच्या घरात उभं राहून मुलाला खोटा पाडायचं धाडस नव्हतं. कर्नलसाहेबांच्या एका शब्दावर निम्म्या छावणीचे टँक मला मिळत होते, तेही डोक्यात होतं. आणि खोटं तर बोललोच नव्हतो! 'बलबीरनं लावलं' असं म्हणालोच नव्हतो! दुकानदार असा असतो. वजनात मारत नाही, काटा फक्त जरा तिरका धरतो.

 बलबीरनं पिशवी उघडली, ड्रिल काढून टेबलावर ठेवली आणि गेला. ड्रिल माझी होती.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला नाही. तिसऱ्या दिवशी मी फोन केला. त्याच्या बायकोनं उचलला. "घर पे नहीं हैं जी." मागून त्याचा खोकला ऐकू येत होता.

मी फोन ठेवला आणि त्या डिझायनर मॅडमना, इलेक्ट्रिशियनला, त्या पंपाच्या कंपनीला, ॲपवाल्यांना, गोगलगाईला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. एक नाव सोडून.

*

बारा दिवसांनी कर्नलसाहेब दुकानात आले. हातात ती स्टीलची बरणी, जोधपूर-तेजपूरवाली. झाकणाच्या भोकातून हवेची नळी, खिशात बॅटरीचा पंप घरघरतोय. बगलेत वही.

"बलबीर कुठं राहतो?"

"इथंच, मागच्या गल्लीत. काय झालं साहेब?"

"ऋषीनं काल सांगितलं. जेवताना. ताट बाजूला सारून रडला. आदल्या रात्री त्यानंच लावला होता तो पाइप."  मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एकतीस रेघा होत्या. मी मोजल्या होत्या. त्या दिवशी चष्मा भिजला होता माझा, हातातलं नीट दिसलं नाही. तुला दिसलं होतं ना, रेघ नव्हती ते?"

मी काउंटरवरच्या पावत्या सरळ करायला लागलो.

"चल," ते म्हणाले. "एक कान तू धर."

गल्लीत गाडी जात नाही. मनीमाजऱ्याच्या बाजारातून बरणीचा एक कान त्यांच्या हातात, एक माझ्या. भाजीवाले विचारतायत, "दूध है?" कर्नलसाहेब सरळ चालत राहिले.

बलबीरनं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं नाही. बरणीकडे बघितलं.

"बलबीर," कर्नलसाहेब हिंदीत म्हणाले, अगदी परेड ग्राउंडवरच्या आवाजात, "दो हवालदार हैं. इनकी पोस्टिंग आपके यहाँ आई है."

 बलबीर बाजूला सरला.

त्याच्या आतल्या खोलीत एक टँक होता. आमच्याच दुकानातून फेकून दिलेल्या, कोपरा उडालेल्या काचांचा. सम्प बरोब्बर खाली, हातभर अंतरावर. प्रत्येक जोडावर लाल रेघ. कर्नलसाहेब बरणीचं झाकण उघडायला वाकले तर त्यानं हात आडवा केला. "एक मिनट, साब जी."

आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

पंखा थांबला. पंप थांबला. आम्ही तिघं त्या उकाड्यात टँकसमोर उभे. पाणी उतरायला लागलं. एक बोट. दोन बोटं. सूंऽऽ. थांबलं.

बटण लावलं. मग दोघांना पाण्यात सोडलं. ते तळाशी गेले, एक चक्कर मारली आणि शेजारी-शेजारी आडवे पडले. आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो, मिश्या हलेपर्यंत.

कर्नलसाहेबांनी बगलेतली वही पुढे केली. बलबीरनं ती घेतली, शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. त्या रविवारच्या आदल्या दिवशी नोंदी थांबल्या होत्या. त्यानं खिशातून पेन काढलं, वहीवर ठेवलं, आणि बारा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून दोन्ही माझ्या हातात दिलं.

"लो मालको. पहले पीछे का लिखो. कितने थे, कितने गए, किस वजह से गए. फिर आज का. और जी, इस बार सच लिखना."